मोहाखालची जागा

"उजे, इकडं. इकडं बघ, मी हितं हाय."

आवाज बसका होता, वाळल्या पानावर कुणी जपून पाय टाकावा तसा. टेंभदरीच्या रविवारच्या बाजारात पाय बांधलेल्या कोंबड्या फडफडत असायच्या, भज्यांची कढई चुरचुरत असायची, कासारणीपुढं बाया हात पुढं करून बसलेल्या असायच्या, आणि त्या सगळ्या गलक्याच्या खालून तुळजाबाईची ती हाक यायची. नव्या लुगड्यात अवघडलेली उज्वला मान वळवायची. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता चव्वेचाळीस. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तरी बाजाराचा चढ संपला की तिचे कान आपसूक टवकारत.

किनवटच्या या डोंगरात आंधाची असो, गोंडाची असो की कोलामाची, नांदायला गेलेली लेक मनात आलं म्हणून माहेरी जात नाही. सासूला विचारायचं, नवऱ्याला विचारायचं, सुगी सरायची वाट बघायची. बाजाराला मात्र कुणाला विचारावं लागत नाही. मीठ संपतं, मिरची संपते. मग लेकी आपापल्या गुड्यावरून, डोंगरातल्या वाडीवरून, खाली उतरतात, त्यांच्या आया आपापल्या गुड्यावरून उतरतात, आणि बाजाराच्या वरच्या अंगाला जो म्हातारा मोह आहे त्याच्या बुंध्याशी त्यांची गाठ पडते. मोहाची मुळं जमिनीच्या वर आलेली, बसून बसून गुळगुळीत झालेली. ज्या मुळावर जी आई बसली ते मूळ तिचं. ती गेली की मूळ रिकामं राहतं. तिची लेक आपल्या लेकीला नांदायला धाडते, आणि मग स्वतः तिथं येऊन बसते. मधल्या वर्षांत तिथं कुणी बसत नाही. परगावचा भाजीवाला चुकून गोणी टेकवायला गेला तर चार जणी एकदम म्हणतात, "दादा, तिथं माणूस हाय."

तुळजाबाईचं मूळ दहा वर्षं असं रिकामं होतं. यंदाच्या फाल्गुनात तनुजाचं लगीन झालं, सालईगुड्याला, बाजारापासून कोसभरावर. पुढच्याच रविवारी उज्वला त्या मुळावर जाऊन बसली. तनुजा आली, मांडीला मांडी लावून बसली, कागदातली गुडीशेव दोघींनी मिळून खाल्ली. उज्वलाला वाटलं, आता आपल्याला काही नको. पावसाळ्यात ओढे भरले तेव्हा दोन-तीन रविवार चुकले तेवढेच.

आणि आता दिवाळी होऊन गेली, रस्ते कोरडे झाले, तरी चार रविवार झाले, तनुजा आली नव्हती.

फोन होता. फोनवर तनुजा बरं हाय म्हणायची. जेवलीस का, तर हाव. अंग कसं हाय, तर बरं हाय. बाजाराला का आली न्हाईस, तर काम व्हतं. मागं कुणीतरी भांडी घासत असायचं, आणि बोलणं तिथंच संपायचं.

कापसाची दुसरी वेचणी आली होती. तीन एकर उताराचं रान पांढरं फटक पडलेलं, आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. गुड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला खाली गेली होती. उज्वला आणि तिचा नवरा पंढरी, दोघंच. गुरुवारपासून आभाळ भरून येत होतं, वितळत होतं, परत भरत होतं. कमरेला ओटी बांधायची, वाकायचं, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा. वाळल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळात शिरतात. शुक्रवारी तिची दहाही बोटं हुळहुळत होती. भाकरीच्या पिठात हात घातला की मिठाचं पाणी चरचर झोंबायचं.

पंढरी पुढच्या ओळीत असायचा. मधूनच कंबर सरळ करून तो आभाळाकडं बघायचा आणि परत वाकायचा. दुपारी बांधावर भाकर खाताना तो म्हणाला की रविवारचा दिवस धरला तर वरचं वावर सगळं होईल. उज्वलानं चटणीवर तेल सोडलं.

दिवसभर वाकलेल्या माणसाच्या मनात तळाला जे असतं ते वर येतं. तिच्या मनात एकच गोष्ट होती. ती तिनं पंढरीलाही सांगितली नव्हती.

मागच्या वर्षीचा श्रावण. तनुजा बारावी झाली होती, आश्रमशाळेत पहिली आली होती. नांदेडला नर्सिंगला जायचं म्हणून तिनं फॉर्म भरला होता. पहिल्या यादीत नाव आलं नाही. दुसरी यादी निघेल, फोन येईल, असं कळलं म्हणून पोरगी रोज सांज धरून टेकडीवर फोन घेऊन बसायची, कारण तिथं रेंजच्या चार काड्या दिसायच्या. त्याच दिवसांत सालईगुड्याची माणसं बघायला येऊन गेली होती. पोरगा निर्व्यसनी, घरची बैलजोडी, आणि गाव बाजाराच्या वाटेवर.

त्या दिवशी तनुजा निंदायला गेली होती आणि फोन घरात खुंटीला अडकवलेला होता, तिथं कधीमधी एखादी काडी लागायची. वाजला. उज्वलानं उचलला. पलीकडची बाई शहरी, स्वच्छ बोलत होती. तनुजाचं नाव लागलं आहे, आठ दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. उज्वला म्हणाली, "हाव बाई." फोन बंद झाला. तिनं तो परत खुंटीला अडकवला, होता तसाच, तोंड भिंतीकडं करून.

ती वाईट बाई नव्हती. तिला एवढंच दिसलं की तीन वर्षं नांदेड, मग नोकरी कुठं लागेल तिथं, मग नवरा तिकडचाच कुणी. पोर सणाला येईल, दोन दिवसांची पाहुणी होऊन. आणि टेंभदरीच्या मोहाखालचं ते मूळ तसंच रिकामं राहील. दहा वर्षं तिनं त्या मुळाकडं बघत बाजार केला होता. ती आठ दिवस गप्प राहिली. नवव्या दिवशी तनुजानं कागदांची पिशवी पत्र्याच्या पेटीत घातली, झाकण लावलं आणि खुरपं घेऊन रानात गेली.

शनिवारी आभाळ जास्तच उतरलं. पंढरी म्हणाला, "पाऊस आला तर कापूस भिजून कवडी व्हईल सगळी. बाजार काय पळून चालला का?"

उज्वला म्हणाली, "बाजार न्हाई पळत."

तेवढ्यावर तो समजला. चुलीपुढं बसून बिडी ओढत राहिला.

रविवारी ती फटफटायच्या आत रानात होती. दवानं कापूस ओला, हाताला थंडगार लागत होता. पंढरी आला तेव्हा तिच्या दोन ओळी झाल्या होत्या. दोघं वेचत राहिले. उन्हं कासराभर वर आली तसा तोच म्हणाला, की जायचं तर आता जा, आणि उन्हं उतरायच्या आत ये. मग बांधावरच्या तुरीच्या ओल्या शेंगा ओरबाडून त्यानं तिच्या पिशवीत कोंबल्या. "तनीला म्हन, उकडून खा," एवढं बोलून तो परत वाकला. त्याच्या सदऱ्याची पाठ भिजलेली होती.

काळीपिवळी जीप टपावर माणसं घेऊन गेली, थांबली नाही. उज्वला पायी निघाली. सागाची पानं करकर वाजत होती. उतारावर दोन गोंड बाया डोक्यावर आवळ्यांची गाठोडी घेऊन पुढं चालल्या होत्या, आपल्या बोलीत हसत. तिच्या आईनं जात्यावर जोडलेली एक ओवी होती. ती तिला या उतारावर हमखास आठवायची, आणि ओठ आपोआप हलायचे.

मिठाचं गं निमित्त, बाजाराला मी गं आले
लेकीला बघताना, मीठ घ्यायाचं इसरले

बाजार भरला होता. खालच्या अंगाला पिकअपमधून आलेले कांदे-बटाट्यांचे ढीग, जुन्या कपड्यांची पालं, मोबाईलच्या कव्हरांच्या माळा, वाळलेल्या बोंबलांचा वास. एक दुकानदार तिच्या अंगावर ओरडला, "ओ बाई, घ्यायचं न्हाई तर हाताळू नका, हात बघा तुमचे." तिनं साबणाची वडी जागेवर ठेवली. हात खरंच बघण्यासारखे होते. ती वर चढली.

मोहाशी पाच-सहा जणी बसलेल्या होत्या. तिच्या मुळाच्या शेजारी गंगम्मा, कोलामाची म्हातारी, नेहमीसारखी सुपं आणि टोपल्या मांडून बसली होती. तुळजाबाई असतानाही ती इथंच बसायची. बांबूची कामटी तिच्या बोटांतून सुटत होती आणि बघायची तिला गरजही नव्हती.

"आली का कापसाची मालकीन," गंगम्मा म्हणाली. "तुझ्या मुळावर मुंग्या बसल्या व्हत्या. हाकलल्या म्या."

उज्वला बसली. तनुजा दिसली का म्हणून तिनं विचारलं. गंगम्मानं कामटी सुपात ओवली, दाबली, मग सांगितलं. चार रविवारांमागं, उज्वला यायच्या आत, पोरगी आली होती; मायलेकींच्या मधे पडू नये म्हणून गंगम्मानं आजवर सांगितलं नव्हतं. त्या टेबलापर्यंत आली, उभी राहिली, आणि तिथूनच माघारी फिरली. गंगम्मानं हाक मारली तरी वळली नाही.

"कंच्या टेबलापत्तुर?"

गंगम्मानं हनुवटीनं दाखवलं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर निळ्या चादरीचं टेबल होतं; उज्वलानं ते येता-जाता बघितलं होतं, जवळ कधी गेली नव्हती. त्यामागं एकसारख्या कपड्यांतल्या तीन पोरी, गळ्यात ओळखपत्रं. सिकलसेलची तपासणी. महिनाभर दर रविवारी येतात, गंगम्मा म्हणाली, बोटाला टोचतात आणि चिठ्ठी देतात, मला बी टोचलं, रगत आलं न्हाई, म्हातारीत कुठलं रगत.

उज्वला उठली. टेबलाशी जाईतो तिला काही समजलं नव्हतं. मधल्या पोरीनं वर बघितलं आणि खुर्ची मागं सारून उभी राहिली.

"मावशी? तनूची आई ना? मी दिपाली. आश्रमशाळेत तनूच्या वर्गात होते."

तिनं उज्वलाला बसवलं, हात हातात घेतला आणि टोचायला बोट शोधू लागली. एकेका बोटाचं टोक उलटून बघत होती. सगळीकडं कापसाच्या बोंडांचे ओरखडे. शेवटी डाव्या हाताची करंगळी सापडली. कापसाचा ओला बोळा फिरवत दिपाली भरभर बोलत होती. तनू कुठं असते, लग्नाला मला बोलावलं न्हाई, वर्गात ती पहिली असायची मावशी, गणितं तिच्याचकडून समजून घ्यायचो आम्ही. दिपालीला वाटलं होतं, दोघी मिळून नांदेडला नर्सिंगला जाऊ.

"माझा तर लागायचाच न्हाई नंबर," दिपाली हसत म्हणाली. "सगळं भरलं व्हतं. शेवटाला एक पोरगी आलीच न्हाई कागद घेऊन. आठ दिवस थांबले तिच्यासाठी, आन मग मला फोन केला."

सुई टोचली. रक्ताचा थेंब काचेवर पडला. उज्वला त्या थेंबाकडं बघत राहिली. दिपालीनं दुखलं का म्हणून विचारलं. ती न्हाई म्हणाली.

ती मुळावर परत येऊन बसली. गंगम्मानं तिच्याकडं एकदा बघितलं, डब्यातला काळा चहा झाकणात ओतून पुढं सरकवला.

उज्वलानं चहा धरून ठेवला. पोरगी कुणाला बघून माघारी फिरली ते तिला आता कळलं होतं. जवळ राहावी म्हणून केलं, आणि त्यानंच तिला बाजारातून हाकललं. सांगितलं तर काय होईल तेही तिला दिसत होतं. तनुजा उठून जाईल आणि परत येणार नाही, कुठल्याच रविवारी. न सांगितलं तर येईलही कदाचित, त्या टेबलाकडं पाठ करून, पदर ओढून. उतारावरून माणसं येत होती, लुगडी, टोप्या, डोक्यावरची ओझी. प्रत्येक लाल लुगड्यापाशी तिची नजर अडखळत होती.

शेवटी विहीणच आधी दिसली, उंच, हाडकुळी, हातात काठी. मागं दहा पावलांवर तनुजा. टेबलाच्या बाजूनं तिनं पदर गालावर ओढून धरला होता.

"घ्या तुमची लेक," विहीण येताच म्हणाली आणि धापा टाकत बसली. "सूप घ्यायचं व्हतं म्हणून ओढून आणली. महिना व्हत आला, चल म्हणते तर येत न्हाई. कधी पोट दुखतं, कधी डोकं. लोक म्हणतेत सासूच सोडत न्हाई. माझं नाव खराब करून राहिली बघा, इहिनबाई."

उज्वला काहीबाही म्हणाली. विहिणीनं गंगम्माचं एक सूप उचललं, ठोकून बघितलं, ठेवलं, दुसरं उचललं. बोलणं चालूच होतं. पोरगी कामाला वाघीण हाय, तिची तक्रार न्हाई. बारावी शिकलेली म्हणून व्यापाऱ्याकडं काट्यापाशी उभी केली, कापूस मोजताना दोन शब्द बोलंल म्हणून, तर तोंडातून अक्षर न्हाई. मग हिच्या नवऱ्याला, विनोदलाच बोलावं लागलं. शिकून काय उपेग झाला.

तनुजा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. गंगम्मा मधेच म्हणाली की सूप घ्यायचं तर घे बाई, ठोकून ठोकून त्याचा ढोल करू नको. विहीण हसली. ती चांगली हसली, मनापासून. बोंबील घेऊन येते, तवर बसा मायलेकी, म्हणून काठी टेकत खाली उतरली.

दोघी बसल्या. उज्वलानं शेंगा दिल्या, बापानं दिल्यात म्हणून सांगितलं. तनुजानं एक शेंग सोलली आणि दाणे हातातच ठेवले. ती वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

"फीर तिकडं. केस बघते."

मोहाखालची ही जुनी रीत. आई मागं बसते, लेक पुढं, तोंड डोंगराकडं. आई अंबाडा सोडते, फणी फिरवते. तोंडासमोर जे बोलता येत नाही ते पाठीवरून बोलता येतं. सासुरवास, मार, पाळी चुकलेली, सगळं या झाडाखाली असंच सांगितलं गेलं आहे, आणि ऐकणाऱ्या आयांनी फणी थांबवलेली नाही.

उज्वलानं तेलाची बाटली काढली. केस भुरे झाले होते, उन्हाचे. ती सावकाश गुंता सोडवत होती. ओरखडलेल्या बोटांना तेल झोंबत होतं.

तनुजा हातातले दाणे चाळत होती. मग म्हणाली, "माय, ती दिपाली हाय तिथं."

"बघितली म्या."

"तिला म्या गणितं शिकवायची."

फणी चालत राहिली. खाली कुणीतरी कोंबडा उलटा धरून नेत होतं, तो ओरडत होता.

"सासूवर बोल ठेवू नको," तनुजा म्हणाली. "चांगली हाय ती. नवरा बी चांगला हाय. म्याच येत न्हाई. दिपालीनं इचारलं तर काय सांगू तिला? तिचा नंबर लागला, माझा न्हाई लागला. म्हंजी माझ्यातच कायतरी कमी असंल. आश्रमशाळेत पहिली म्हंजी काय, पन्नास पोरांत पहिली. भायेर कोन इचारतंय." ती थांबली. दाणे एकेक करून मातीत टाकले. "काट्यापाशी उभी राहते ना, तवा बी तेच वाटतं. आपुन बोलू आन चुकंल. आधी असं नव्हतं वाटत. आन तुला तरी काय तोंड दाखवू, माय. कापूस येचून येचून मला शिकवलंस तू."

फणी थांबली.

गंगम्मानं मान वर केली नाही, पण तिची कामटीही थांबली होती. मोहाच्या फांदीवरून एक पान सुटून तनुजाच्या खांद्यावर पडलं. उज्वलानं ते काढलं. पोरगी एवढी जवळ होती की तिच्या केसांतला चुलीचा धूर नाकाला लागत होता. आता वेणी घातली, गाठ मारली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं की पोरी, तुझ्या नशिबात नव्हतं, तर ती आपल्याच कुशीत रडली असती. आणि पुढच्या रविवारी आली असती. उज्वलाच्या ओठांवर ते आलंही होतं.

खाली बोंबलाच्या पालापाशी विहीण पिशवी सावरत वळलेली दिसली. चढ चढायला तिला वेळ लागणार होता, पण फार नाही.

"तने, इकडं तोंड कर," उज्वला म्हणाली.

"गुंता ऱ्हायलाय अजून."

"ऱ्हाऊ दे. इकडं बघ."

तनुजा वळली. अर्धे केस मोकळे, अर्धे तेलानं चपचपीत. या झाडाखाली असं समोरासमोर तोंड करून कुणी बसत नसे. शेजारच्या मुळावरची बाई बघू लागली. उज्वलानं तेलकट हात लुगड्याला पुसले, परत पुसले. त्या हातांनी पोरीला धरावं असं तिला फार वाटलं, पण तिनं धरलं नाही.

"तुझ्यात काय बी कमी न्हाई. तुझा नंबर लागला व्हता. मागच्या श्रावणात फोन आला, तू निंदायला गेलती, म्या उचलला. आठ दिसांत कागद घेऊन या म्हनले. तू लांब गेलीस तर म्या हितं बसून कुणाची वाट बघू, म्हनून तुला सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला बी न्हाई. म्याच केलं, तने."